गुरुजींची पाठ वळल्यावर

गावात शाळा तपासायला येणारे साहेब बरेच असतात, पण रोजची तपासणी शाळेसमोरच्या पारावर बसलेली मंडळी करतात. वर्गातून गलका ऐकू आला की, "नव्या बाईला पोरं ऐकंनात वाटतं." आवाज नाही आला की, "गुरुजी कडक हायत बरं का!" निकष एवढाच. धाराशिव जिल्ह्यात मी आधी शिक्षक आणि नंतर केंद्रप्रमुख म्हणून नोकरी केली, आणि ह्या निकषावर उत्तीर्ण झालेले कितीतरी वर्ग पाहिले. हाताची घडी, तोंडावर बोट, सगळ्यांचे डोळे फळ्याकडे. फळ्यावर काय लिहिलंय ते मात्र त्यातल्या निम्म्यांना वाचता यायचं नाही.

म्हणून शाळाभेटीला गेलो की मी थेट वर्गात शिरत नसे. मोटारसायकल लांब लावायची आणि खिडकीशी जरा थांबायचं. शिक्षक फळ्याकडे वळले, कुणाशी बोलायला दाराशी गेले, त्यांचा फोन वाजला, की मागे मुलं काय करतात ते बघायचं. गुरुजींची पाठ वळल्यावर वर्गात जे काम चालू राहतं, तेवढंच गुरुजींनी उभं केलेलं असतं. बाकीची सगळी शिस्त त्यांच्या डोळ्यांत आणि आवाजात असते, आणि ते मीटिंगला निघाले की ती त्यांच्याबरोबरच जाते.

मीटिंगचं नाव उगाच काढलं नाही. शिक्षण हक्क कायद्यानं प्राथमिक शाळेला ६० मुलांपर्यंत २ शिक्षक दिले आहेत; म्हणजे तिसांमागे एक. ऐकायला प्रमाण उत्तम. पण भूम, वाशी, कळंबकडच्या बालाघाट डोंगरातल्या वाड्यावस्त्या घ्या, नाहीतर तुळजापूर-उमरग्याकडचे तांडे घ्या, शाळेचा पट पंचवीस-तीस असला तरी इयत्ता चार असतात. एका गुरुजींकडे पहिली-दुसरी, दुसऱ्यांकडे तिसरी-चौथी. दोघांतल्या एकाकडे मुख्याध्यापकाचा पदभार. पदभार म्हणजे तांदळाचा हिशेब, ऑनलाइन भरायची माहिती, बँक, पंचायत समितीतली बैठक. ज्या दिवशी मुख्याध्यापक बाहेर, त्या दिवशी चारही वर्ग उरलेल्या एकाच्या गळ्यात. आणि तो एक बहुधा नवा असतो, कारण पदभार जुन्याकडे असतो.

ह्याची तयारी अध्यापक विद्यालयात होते का? तिथला सराव पाठ एका इयत्तेवर, एका घटकावर, अर्ध्या-पाऊण तासाचा. हातात टाचण, मागच्या बाकावर निरीक्षक, आणि मुलांना आधीच दम दिलेला. त्या पाठात कुणाला लघवीला लागत नाही, कुणाची पाटी फुटत नाही, कुणाची शेळी वर्गात शिरत नाही. (उस्मानाबादी शेळीचं नाव देशभर आहे. आमच्या शाळांच्या व्हरांड्यात तिची हजेरी काही मुलांपेक्षा नियमित असते.)

२०२४ मध्ये पवित्र पोर्टलवरून जिल्ह्यात नवे शिक्षक आले. पदनाम शिक्षण सेवक, मुदत ३ वर्षं, प्राथमिकला मानधन महिना १६,००० रुपये; २०२३ च्या आधी ते ६,००० होतं. मधली कित्येक वर्षं भरती रखडलेली, त्यामुळे 'नवे' म्हणून आलेल्यांत तिशी ओलांडलेले, दोन लेकरांचे आईबापही होते. आमच्या केंद्रात मांजरेच्या काठावरच्या एका द्विशिक्षकी शाळेला अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एक बाई मिळाल्या. माझ्या नोकरीचं ते शेवटचं वर्ष. त्यांचा वर्ग मी जितका पाहिला तितका दुसरा कुणाचा पाहिला नाही, कारण तिथे जे चाललं होतं ते आधी मला पटलं नव्हतं.

पहिला आठवडाभर त्यांनी पुस्तक जवळजवळ उघडलंच नाही. जूनमध्ये नवी कोरी पुस्तकं मुलांच्या हातात पडलेली, वासासकट, आणि बाई शिकवतायत काय, तर चपला कुठे आणि कशा काढायच्या. दप्तर कुठे अडकवायचं. पाण्याला कसं जायचं. पेन्सिलीला टोक कुठे करायचं, साल कुठे टाकायची. काम संपलं तर पुढचं कुठून घ्यायचं. नुसतं सांगत नव्हत्या, करून घेत होत्या. "चला, आता सगळ्यांनी बाहेर जाऊन पुन्हा आत यायचं." मुलांना मजा वाटत होती. शेरेबुकात काय लिहावं, ह्याचा मी विचार करत होतो.

पाण्याची त्यांची युक्ती सांगतो. दाराशेजारी खिळ्याला लाकडाची एक लाल रंगवलेली फळी टांगलेली. ज्याला बाहेर जायचं त्यानं ती गळ्यात घालायची, जाऊन यायचं आणि परत खिळ्याला लावायची. विचारायचं नाही. फळी जागेवर नसली तर कुणीतरी बाहेर आहे, थांबायचं. ज्यांनी प्राथमिक शाळेत तासभर काढलाय त्यांनाच ह्या फळीची किंमत कळेल. "बाई, पाण्याला जाऊ?" हा प्रश्न एका मुलानं विचारला की पाठोपाठ सगळ्या वर्गाला तहान लागते, आणि दर वेळी बाईंचं वाक्य मध्येच तुटतं.

दुसरी अडचण "झालं बाई, आता काय करू?" ही. चौथीच्या मुलाची गणितं झाली, बाई पहिलीपाशी मुळाक्षरांत अडकलेल्या, मग तो मोकळा झालेला मुलगा शेजारच्याला मोकळं करतो. आमच्या शाळांत भिंतीच्या खालच्या अंगाला काळा पट्टा रंगवलेला असतो, तळफळा म्हणतात त्याला. बाईंनी तो खडूनं आखून प्रत्येक मुलाला त्याच्या नावाचा एकेक तुकडा दिला. शिवाय चार रंगांचे चार डबे, इयत्तेप्रमाणे. डब्यात जुन्या पाठकोऱ्या कागदांवर लिहिलेल्या चिठ्ठ्या: कशात एक गणित, कशात 'घरातल्या पाच भांड्यांची नावं लिही', कशात 'खिडकीतून दिसणाऱ्या झाडाचं चित्र काढ आणि त्याखाली एक ओळ लिही'. काम संपलं की चिठ्ठी घ्यायची आणि आपल्या तुकड्यावर उत्तर लिहायचं. बाई मोकळ्या झाल्या की भिंतीच्या कडेनं चालत जायच्या आणि वाचायच्या. तपासणीही झाली, आणि वही उघडायला लावण्याचा खटाटोपही वाचला.

जुलैत एकदा गेलो तर मुख्याध्यापक तालुक्याला, बाई एकट्या, चारही वर्ग एकाच खोलीत. आवाज होता, पारावर ऐकू जावा एवढा होता. पण तो कामाचा होता. दुसरीच्या दोन मुली एकमेकींना वाचून दाखवत होत्या आणि अडल्या की तिसरीतल्या ताईकडे जात होत्या. त्या दिवशी मी शेरा लिहिला, आणि पुस्तक उशिरा उघडल्याचा उल्लेख त्यात केला नाही.

जेकब कौनिन नावाचे एक अमेरिकी मानसशास्त्रज्ञ होते. वर्गातली शिस्त ह्या विषयावरचं त्यांचं पुस्तक १९७० साली आलं. त्यांनी शाळांचे वर्ग चित्रित करून बारकाईनं तपासले. ज्यांचे वर्ग नीट चालतात आणि ज्यांचे चालत नाहीत, असे शिक्षक खोडी झाल्यावर काय करतात, ह्यात काही फरक सापडतो का, ते त्यांना बघायचं होतं. सापडला नाही. रागावणं, समजावणं, उभं करणं, दोन्हीकडे सारखंच. फरक होता तो खोडी होण्याच्या आधी. चांगल्या शिक्षकाला वर्गात चाललेलं सगळं दिसत असतं, आणि आपल्याला दिसतंय हे तो मुलांना कळू देतो. एकाला समजावताना दुसऱ्याची वही तपासणं त्याला जमतं. चाललेलं काम तो स्वतःच मध्ये तोडत नाही.

हे शेवटचं फार महत्त्वाचं, आणि आम्ही गुरुजी लोक तिथेच मार खातो. चौथीतला एक जण पुढच्या मुलीची वेणी ओढतो. आपण धडा थांबवतो, त्याला उभा करतो, त्याच्या बापाचा उद्धार करतो, मग समस्त वर्गाला संस्कारांवर पाच मिनिटं ऐकवतो. वेणी एकीची ओढली गेली, धडा सगळ्यांचा बुडाला. बाई काय करायच्या? पहिलीच्या मुलांबरोबर मोठ्यानं वाचत असतील तर वाचत वाचतच चालत जायच्या, त्या पोराच्या वहीवर बोट ठेवायच्या, आणि वाचत वाचतच परत. पोराला कळायचं. बाकीच्यांना काही झालं हेही कळायचं नाही.

गिजुभाई बधेकांचं 'दिवास्वप्न' हे पुस्तक मी केंद्रातल्या प्रत्येक नव्या शिक्षकाला वाचायला देत असे. गिजुभाई भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेतले. आपल्या ताराबाई मोडक त्यांच्याबरोबर काम करूनच पुढे बोर्डी-कोसबाडला आल्या. पुस्तकातला लक्ष्मीराम हा कल्पित मास्तर मोठ्या उमेदीनं चौथीच्या वर्गावर जातो आणि पहिल्याच दिवशी शांततेचा खेळ मांडतो. दारं-खिडक्या लावून सगळ्यांनी अगदी गप्प बसायचं. पोरं त्याची अशी काही खिल्ली उडवतात की तो मुकाट्यानं सुट्टी देऊन टाकतो. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगायला बसतो, आणि ऐकायचं असल्यामुळे वर्ग आपला आपणच गप्प होतो. पुढे जाऊन गोष्टीच्या आडून तो हजेरीसुद्धा वसूल करतो. नव्या शिक्षकानं पहिला दिवस वाया गेला म्हणून खचू नये, ह्यासाठी ह्याहून चांगला उतारा मला माहीत नाही.

बाईंचा स्वतःचा आवाज बारीक. ह्याची आधी मला काळजी वाटली होती. पण त्यांनी तो चढवलाच नाही. बोलायचं असलं की टाळ्यांचा एक ठेका वाजवायचा, मुलांनी तोच ठेका वाजवून उत्तर द्यायचं. उत्तर आल्यावरही लगेच बोलायचं नाही. शेवटच्या मुलाचे हात खाली येईपर्यंत थांबायचं. ह्या थांबण्याला धीर लागतो. आमच्यातले बहुतेक जण गोंगाट चालू असतानाच सूचना सुरू करतात, मग ती ऐकू जावी म्हणून आवाज चढवतात, आणि बाई ओरडतायत म्हटल्यावर मुलंही आपलं बोलणं ओरडून करतात. दिवाळीपर्यंत घसा बसतो.

थांबण्याचाच दुसरा प्रकार प्रश्न विचारल्यानंतरचा. मेरी बड रो ह्या अमेरिकी संशोधक बाईंनी शिक्षकांचं हे थांबणं मोजलं. प्रश्न विचारून शिक्षक सरासरी एखादा सेकंद थांबतो आणि मग दुसऱ्याला विचारतो, नाहीतर स्वतःच उत्तर देतो. तेच थांबणं तीन सेकंदांवर नेलं, तर एरवी न बोलणारी मुलंही बोलतात आणि उत्तरं लांबतात. हे सांगायला फार सोपं. करून बघा. फळ्याजवळ उभं राहून मनात तीन अंक मोजेपर्यंत आपल्याला कापरं भरतं.

आता मॉनिटर. ह्या विषयावर माझं मत जहाल आहे. गुरुजी बाहेर जाताना एका हुशार, बऱ्या घरच्या पोराला फळ्यापाशी उभं करतात: "बोलणाऱ्यांची नावं लिहून ठेव." तो मित्रांची नावं लिहीत नाही, भांडण झालेल्यांची लिहितो, पेरू देणाऱ्याचं नाव पुसतो. लिहिली जाणारी नावं बहुतेक गावाच्या एका ठरावीक बाजूच्या पोरांची असतात, हेही मी पाहिलंय. नऊ वर्षांच्या मुलाला आपण फौजदारकी आणि लाच दोन्ही शिकवतो, तीही शासकीय खडूनं. बाईंच्या वर्गात मॉनिटर नव्हता. कामं होती: फळी बघणारा, डबे भरणारा, झाडांना पाणी घालणारी, पहिलीच्या मुलांचे हात धुवून घेणारी. दर सोमवारी कामं बदलायची, आणि प्रत्येकाला प्रत्येक काम यायचं. १५ ऑगस्टनंतर आमच्याकडे १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं दुसरं ध्वजवंदन असतं. पहिलं दोन्ही शिक्षकांनी पळापळ करून पार पाडलं होतं. दुसऱ्याची रांगोळी, रांगा, सूचना सगळं मुलांनी केलं, आणि सरपंच उशिरा आले तेव्हा त्यांना कुठे उभं राहायचं तेही तिसरीतल्या एका मुलीनं हाताला धरून दाखवलं.

भाषेचं थोडं सांगायला हवं. बाई नगरकडच्या; मुलं म्हणणार, "बाई, ह्यो मला चिडवायलाय," "मी न्हाई, त्येनंच आदी ढकललं." पहिले काही दिवस निम्मं बोलणं डोक्यावरून गेलं. जिथे बोलणंच कळत नाही तिथे मूल वात्रट वाटू लागतं. प्रश्नाला उत्तर देत नाही म्हणजे हट्टी, भलतंच करतो म्हणजे उद्धट. जिल्ह्याच्या दक्षिणेला हा पेच आणखी मोठा. उमरग्याच्या पट्ट्यात घरी कन्नड बोलणारी मुलं आहेत, तांड्यांवर बंजारा बोली. उमरगा तालुक्यातल्या कडदोऱ्याच्या जगदंबानगर शाळेचे उमेश खोसे गुरुजी ह्यांना २०२१ चा राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यांच्या कामातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग म्हणजे मुलांच्या बंजारा बोलीतून पाठ्यपुस्तकाकडे जाण्याची वाट. पुरस्काराच्या बातम्यांत ॲपचं, तंत्रज्ञानाचं कौतुक जास्त झालं. ते असो. पण घरची भाषा ऐकू आली की पहिलीतलं पोर दाराकडे बघायचं थांबतं, आणि त्याला धरून बसवायला कुणी लागत नाही.

तशीच एक लाट साताऱ्याच्या कुमठे बीटची आली होती. ज्ञानरचनावाद, फरशीवर आखलेले खेळ, गटात बसणारी मुलं, मुलांशेजारी जमिनीवर बसलेल्या बाई. २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम आला त्या सुमारास राज्यभरातले शिक्षक गाड्या करून तो प्रयोग पाहायला जात होते. आमच्याकडचेही गेले. परत येऊन फरश्या रंगवल्या, झकास रंगवल्या. काही शाळांत मग त्या रंगीत फरशीवर मुलांना रांगेत, हाताची घडी घालून बसवलं जाई. रंग जाऊ नये म्हणून.

सगळ्यात जास्त भांडणं कुठे होतात माहीत आहे? खिचडीच्या रांगेत. नवा शिक्षक वर्गाचं नियोजन करतो आणि मधल्या सुट्टीत दमून खुर्चीत बसतो. बाईंनी उलट केलं. लहान वर्ग आधी, रांग एकच, ताट वाढून झालं की जागा मिळेल तिथे बसायचं. आपल्या गल्लीतल्यांची वेगळी पंगत धरायची नाही. स्वयंपाकाच्या मावशींनी वाढायला सुरुवात करण्याआधी शिक्षकानं अन्नाची चव घेऊन नोंद करायची, असा नियमच आहे. पुष्कळ ठिकाणी नुसती सही होते. बाई चव घ्यायच्या आणि मग ताट घेऊन मुलांच्यात बसायच्या, रोज वेगळ्या ठिकाणी. सकाळी कोण उपाशी आलंय, कुणाच्या घरी रात्री भांडण झालंय, हे त्यांना तिथे कळायचं. दुपारी कोणाला काही बोलायचं नाही, हे मग आपोआप ठरायचं.

मारण्याचा विषय निघाला तो शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत. एक वडील म्हणाले, "बाई, पोरगं ऐकत नसलं तर बिनधास्त हाणा. आमची काय तक्रार न्हाई." हे प्रेमानं म्हटलेलं असतं, आणि नव्या शिक्षकाला ते मोहात पाडतं. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या १७ व्या कलमानं शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हीला मनाई केली आहे; पालकांनी परवानगी दिली म्हणून ती मनाई उठत नाही. बाईंनी कलम सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, "दादा, मी हाणलं तर तो माझ्यासमोर गप्प बसंल. दिवसातला तास-दीड तास मी त्याच्यापाशी असते. बाकीचा वेळ मी दुसऱ्या वर्गांवर. तेव्हा काय करायचं, सांगा." सभेत कुणाला उत्तर सुचलं नाही. मलाही कायद्यापेक्षा हा हिशेब जास्त पटला.

तो मुलगा पुढे सरळ झाला, असं मी लिहिणार नाही. तो वर्षअखेरीपर्यंत हात उचलत होता. फरक एवढाच की बाईंनी त्याच्या मारामाऱ्यांची नोंद ठेवायला सुरुवात केली, आणि बहुतेक घटना जागा बदलायच्या वेळी घडतात हे त्यांच्या लक्षात आलं: परिपाठाहून वर्गात येताना, खिचडीला जाताना, सुटताना. मग त्या वेळांना त्याच्या हातात काहीतरी काम असायचं, नाहीतर बाई शेजारून चालायच्या. मारामाऱ्या कमी झाल्या. स्वभाव बदलला की नाही, ते त्याच्या आईला विचारावं.

शिस्त म्हणजे काय, ह्याचा मला स्वतःला पहिला धडा मिळाला तो १९९३ मध्ये. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि आमच्या जिल्ह्यातली गावं ढिगारे झाली. सास्तूरसारखी मोठी गावंही त्यात होती. तेव्हाच्या उमरगा तालुक्यात, आता लोहाऱ्यात येणाऱ्या भागात, पुढे काही महिने पत्र्याच्या शेडमध्ये शाळा भरत होत्या. रस्त्यावरून मालट्रक गेला, पत्रा वाजला, की सगळा वर्ग उठून बाहेर पळायचा. कुणाची आई गेलेली, कुणाची भावंडं. अशा वर्गाला "बसा खाली!" म्हणणार कसं? तिथल्या एका वयस्क गुरुजींनी पळणं बंद केलं नाही. त्यांनी जोड्या लावल्या, मोठ्याला एक लहान. "पळायचं तर खुशाल पळा, पण आपला जोडीदार घेऊन पळा. बाहेर गेल्यावर जोडीदार मोजा आणि आत या." मुलं पळायची, जोडीदार मोजायची आणि परत येऊन पाटी हातात घ्यायची. हळूहळू पळणं दारापर्यंत आलं, मग नुसतं उठून उभं राहण्यापर्यंत. प्रशिक्षणात मी हे उदाहरण नेहमी सांगायचो, आणि तरुण शिक्षक विचारायचे की ह्याला कोणती पद्धत म्हणतात.

जोडीदाराची गरज आम्हाला दरवर्षी पडते, भूकंप नसतानाही. दिवाळी झाली की भूम, वाशी, कळंब, परंड्याच्या गावांतून ऊसतोडीच्या गाड्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. काही लेकरं आजीपाशी राहतात आणि हंगामी वसतिगृहात जेवतात, काही आईबापांबरोबर पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात. उलट ढोकी, रांजणीसारख्या कारखान्यांच्या आसपासच्या शाळांत परगावची मुलं चार-पाच महिन्यांपुरती येऊन बसतात. जूनमध्ये घासूनपुसून बसवलेली घडी नोव्हेंबरमध्ये निम्मी रिकामी, आणि मार्च-एप्रिलमध्ये पुन्हा भरलेली, पण परत आलेल्या मुलांना लाल फळी कशाची तेही आठवत नाही. वर्ग पुढे गेलेला, ह्यांना वाचायला लाज वाटते, आणि लाज लपवायला दंगा बरा पडतो. मार्चमधल्या बऱ्याचशा 'बेशिस्ती'चं मूळ हे आहे.

बाईंनी गेलेल्या मुलांचे तळफळ्यावरचे तुकडे दुसऱ्या कुणाला दिले नाहीत. हजेरीच्या तक्त्यावर त्यांची नावं ठेवली आणि जाण्याआधीच प्रत्येकाला एक जोडीदार नेमून दिला. परत आल्यावर पहिले दोन दिवस त्या जोडीदारानंच सगळं दाखवायचं, बाईंनी नाही. एक मुलगा फडावरून आला तो मोळ्या, खेपा, वजनकाटा ह्यांतलं सगळं तोंडपाठ घेऊन. त्याला पुस्तकातलं वजन-मापाचं उदाहरण वाचता येत नव्हतं, पण गाडी किती टनाची भरली ह्याचा तोंडी हिशेब तो चौथीच्या मुलांपेक्षा लवकर करायचा. बाईंनी चौथीच्या डब्यातल्या चिठ्ठ्या त्याला सांगायला लावल्या, आणि चौथीतल्या पोरांना त्या लिहून घ्यायला.

निवृत्तीआधीच्या शेवटच्या शिक्षण परिषदेत मी दोन गोष्टी मागितल्या. नव्या शिक्षकाला रुजू झाल्यावर पहिले पंधरा दिवस शेजारच्या एखाद्या चांगल्या द्विशिक्षकी शाळेत नुसतं बसू द्या, पगारी. आणि पहिल्या वर्षी मुख्याध्यापकांच्या बैठकीची तारीख किमान आदल्या दिवशी कळवा, म्हणजे एकट्यानं चार वर्ग सांभाळायची तयारी रात्री करता येते. सकाळी दहाला फोनवर कळलं तर येत नाही. दोन्हींना खर्च जवळपास शून्य. "वर कळवतो," असं उत्तर मिळालं.

तोवर केंद्रातल्या नव्या शिक्षकांनी आपसात एक व्हॉट्सॲप गट काढला होता. नियम असा की शुभ सकाळ, सुविचार आणि फुलांची चित्रं टाकायची नाहीत. आज वर्गात काय चाललं आणि काय फसलं, एवढंच दोन ओळींत. निवृत्त झालो तरी त्यांनी मला त्यात राहू दिलंय. परवा मांजरेकाठच्या बाईंचा निरोप होता: "सर तालुक्याला. चारही वर्ग. गावात लग्न, दुपारी बँड येणार. गणित सकाळीच उरकलं, दुपारी वाद्यांची नावं आणि ठेके." त्याखाली एका नव्या गुरुजींनी विचारलं होतं, "बँड सकाळीच आला तर?" त्याला अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.